ललित साहित्यातील पुनर्जन्माची प्रतीके : वापर आणि विवेक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी या सीमाभागातील मुलांना मराठी वाचायला तर शिकविलेच, पण लिहायलाही शिकविले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण आज कथा लिहितात, काही कादंबरीचा घाट घालीत आहेत. म्हणून केवळ वाचकाच्याच नव्हे, तर लेखकाच्याही उपयोगी पडेल असा विषय मी निवडला आहे. पुनर्जन्माशी निगडित अशी धार्मिक प्रतीके ललित लेखकाने कशी वापरावीत? ती वापरताना आदर राखायचा म्हणजे नेमके काय करायचे? प्रश्न वरवर पाहता साधा दिसतो. परंतु त्याचे धागे आपल्या वाङ्मयात आणि समाजात फार खोलवर गेलेले आहेत.

प्रारंभ एका शब्दापासून करू. इंग्रजी वाङ्मयाच्या परिचयानंतर जो दीर्घ गद्यकथेचा प्रकार आपल्याकडे रुजला, त्याला मराठीने 'कादंबरी' हे नाव दिले. हे नाव सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाचे आणि त्या ग्रंथाच्या नायिकेचे आहे. या ग्रंथाचे सारे कथानक जन्मांतरावर उभे आहे. पुंडरीक हा पुढच्या जन्मी वैशंपायन होतो आणि शापाने पोपट होतो. चंद्र हा चंद्रापीड होतो आणि पुन्हा शूद्रक राजा होतो. शूद्रकाच्या दरबारात हा पोपट घेऊन येते ती एक चांडाळकन्या, आणि ती वस्तुतः पुंडरीकाची माता लक्ष्मी असते. ग्रंथ पुरा होण्याआधीच बाणाचे निधन झाले आणि उरलेला भाग त्याच्या पुत्राने लिहिला. तेव्हा आपल्या भाषेत कादंबरी लिहावयास बसणारा प्रत्येक लेखक, त्याला जाणीव असो वा नसो, पुनर्जन्माच्या एका थोर कथेचे नाव आपल्या वहीच्या शिरोभागी लिहीत असतो.

बाणाच्या ग्रंथातून घेण्याजोगा पहिला धडा असा की, जन्मांतर ही तेथे लेखकाची सोय नाही. चंद्रापीडाचा निष्प्राण देह कादंबरी जतन करून ठेवते, महाश्वेता तपश्चर्येत दिवस कंठते. परत येणाऱ्याची वाट पाहणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागते. आपल्याकडील अनेक लोकप्रिय कथांत आणि चित्रपटांत नेमकी हीच किंमत गाळलेली असते. १९५८ साली बिमल रॉय यांनी 'मधुमती' काढला. वादळी रात्री जुन्या हवेलीत शिरलेल्या माणसाला पूर्वजन्म आठवतो, ही त्याची चौकट पुढे कितीतरी जणांनी उचलली. मूळ चित्रपटात एका डोंगरकन्येवर झालेल्या अन्यायाचा सल होता. अनुकरणात मात्र हवेली, वीज आणि ओळखीचे चित्र एवढेच उरले. प्रतीकाचा सांगाडा घेतला आणि जीव टाकून दिला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आता 'पुनर्जन्म' या एका शब्दाखाली आपण किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो ते पाहू. अनादर बहुधा द्वेषातून होत नाही. तो या सरमिसळीतून होतो.

पहिला अर्थ देहांतराचा. जीव एक देह सोडतो आणि दुसरा धरतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत सर्वांना परिचित आहे; इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीने तो मराठीत आणला. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा आणि रहाटगाडगे या आपल्या बोलण्यातील प्रतिमा याच अर्थाच्या.

दुसरा अर्थ अवताराचा. अवतार कर्माने बांधला जाऊन येत नाही, तो स्वेच्छेने येतो. म्हणून अवताराला पुनर्जन्म म्हणणे श्रद्धावंतांना खटकते. महानुभाव पंथात हा भेद फार काटेकोरपणे पाळला जातो. द्वारावतीच्या चांगदेव राउळांनी देह ठेवला आणि भडोच येथे मृत झालेल्या हरिपाळाचे शरीर स्वीकारले, तेच पुढे चक्रधर, अशी त्या पंथाची धारणा आहे. गर्भातून घेतलेला अवतार आणि पतित म्हणजे मृत देहाचा स्वीकार करून घेतलेला अवतार असे वेगळे प्रकार त्यांचे शास्त्र मानते. कथालेखक जेव्हा याला सरसकट 'परकायाप्रवेशाची सिद्धी' म्हणून टाकतो, तेव्हा ईश्वरी कृपेच्या जागी तो जादूगाराची करामत बसवितो.

तिसरा अर्थ त्याच देहातील दुसऱ्या जन्माचा. उपनयनाने मनुष्य 'द्विज' होतो. पक्षी आणि दात यांनाही संस्कृतात द्विज म्हणतात, कारण तेही दोनदा जन्मतात. ख्रिस्ती धर्मातील बाप्तिस्मा हाही नवा जन्मच. १८५७ साली प्रसिद्ध झालेली बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही मराठीतील आरंभीची कादंबरी. तिची नायिका वैधव्याच्या यातना पाहत आणि भोगत शेवटी ख्रिस्ती धर्मात येते. म्हणजे आपल्या कादंबरीच्या पहिल्याच पावलाशी एका स्त्रीचा नवा जन्म आहे. मात्र हा नवा जन्म देहांतर नव्हे. तसेच ख्रिस्ताचे पुनरुत्थान म्हणजेही पुनर्जन्म नव्हे, कारण तेथे तोच देह उठतो आणि फेरा असा नसतोच.

चौथा अर्थ पूर्वजांच्या परत येण्याचा, किंवा न जाण्याचा. दहाव्याचा पिंड आणि त्याला शिवणारा कावळा, आजोबांचे नाव घेऊन जन्मलेला नातू, ही याची रूपे.

पाचवा अर्थ सृष्टीच्या नवेपणाचा. चैत्रपालवी, अंकुरलेले बी, सापाची कात. मराठीत 'कात टाकणे' हा वाक्प्रचारच झाला आहे.

हे पाच अर्थ एकमेकांचे शेजारी आहेत, पण एक नव्हेत. एकाचे चिन्ह दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवले की कथा खोटी पडते, आणि ज्याचे चिन्ह असते तो दुखावतो. याची उदाहरणे शोधण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही.

आपले वांकिडी जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, २०१६ पासून आसिफाबाद जिल्ह्यातले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका मराठी मुलखाला जोडला गेला. आसिफाबाद आणि वांकिडी तेलुगू भाषिक राज्यात राहिली. परिणामी येथील एकाच वर्गात मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणारी मुले शेजारी बसतात. वारकऱ्याच्या, बौद्धाच्या आणि गोंडाच्या घरी एकच कथा वाचली जाते. पुण्यामुंबईच्या लेखकाला आपला वाचक कल्पावा लागतो. येथील लेखकाला तो बाजाराच्या दिवशी समोरच भेटतो.

समजा, येथील एखाद्या तरुणाने कथा लिहिली आणि नायकाच्या मनातील परिवर्तन दाखविण्यासाठी केसलापूरचा नागोबा घेतला. साप कात टाकतो, तसा नायक जुने आयुष्य टाकतो. कल्पना सुबक आहे. परंतु मेश्राम कुळाच्या गोंडांसाठी नागोबा हे कात टाकण्याचे प्रतीक नाही. ते कुळाचे दैवत आहे. पुष्य महिन्यात ते गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात, अमावास्येला त्या पाण्याने पूजा होते, आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडविली जाते. नव्या जन्माचा काही अर्थ तेथे शोधायचाच असेल, तर तो या भेटीत आहे : परकुळातून आलेली मुलगी त्या दिवशी या कुळाची होते. कात टाकणारा साप कोणत्याही शेताच्या बांधावर सापडेल. नागोबाला कथेत आणायचे असेल, तर ते पाणी, ती पायपीट आणि ती सून यांच्यासह आणावे लागेल. आणि तसे आणल्यास कथा कितीतरी अधिक समृद्ध होईल, हे लेखकाने ध्यानात घ्यावे.

हीच गोष्ट गोंडांच्या मृत्युविषयक कल्पनांची. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मारलवाई येथे राहून या समाजाचा अभ्यास केला. गेलेला माणूस विधिपूर्वक कुळाच्या पेनमध्ये, म्हणजे देवात आणि पूर्वजांत मिळतो, ही त्यांच्या श्रद्धेची मध्यवर्ती कल्पना. चौऱ्याऐंशी लक्ष योनींत भटकण्याची कल्पना आणि आपल्या माणसांत मिळून जाण्याची कल्पना यांत महदंतर आहे. एखाद्या गोंड आजीच्या तोंडी पुढील जन्माचे हिंदू पुराणोक्त भाषण घालणे म्हणजे तिला तिच्याच मरणातून हद्दपार करणे होय. दिवाळीच्या दंडारीतील गुसाडी मोरपिसांचा मुकुट घालतो, तेव्हा त्याच्या ठायी देव आहे असे मानले जाते आणि ते व्रत पुरे होईपर्यंत तो स्नान करीत नाही. त्याला 'रंगीबेरंगी नर्तक' म्हणून रस्त्याच्या कडेला उभे करणाऱ्या कथा मी वाचल्या आहेत. अशा कथांत मुकुट दिसतो, व्रत दिसत नाही.

आता दुसरे उदाहरण. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. १६ ऑक्टोबरला आपल्या शेजारच्या चंद्रपुरातही दीक्षेचा सोहळा झाला. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञा वाङ्मयाच्या अभ्यासकानेही बारकाईने वाचाव्यात. पाचव्या प्रतिज्ञेत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारले आहे. सहावीत श्राद्ध आणि पिंडदान नाकारले आहे. आणि एकविसावीत आज आपला नवा जन्म होत आहे, असे मानले आहे. म्हणजे वर सांगितलेल्या पाच अर्थांपैकी दुसरा आणि चौथा येथे जाणीवपूर्वक दूर सारला आहे, आणि तिसरा तितक्याच जाणीवपूर्वक स्वीकारला आहे. पहिल्या अर्थाबाबत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी स्वतंत्र विचार मांडला : आत्मा न मानता कर्म आणि पुनर्जन्म यांचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न त्यांनी ग्रंथाच्या प्रास्ताविकातच उपस्थित केला आहे. एवढे ठाऊक नसलेला लेखक बौद्ध घरातील मृत्यूचे वर्णन करताना सवयीने पिंड ठेवतो आणि कावळा बोलावतो. त्याला वाटते, आपण करुण रस साधला. त्या घरातील माणसाला मात्र वाटते, आजोबांनी चंद्रपूरला जे सोडले ते या लेखकाने पुन्हा आमच्या अंगणात आणून टाकले.

येथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. पुनर्जन्माचे प्रतीक हे निरुपद्रवी अलंकरण नव्हे. त्यात एक न्यायनिवाडा दडलेला असतो. हा मनुष्य असा का जन्मला, याचे उत्तर ते देत असते. चोखामेळ्याच्या नावावर असलेल्या काही अभंगांत त्याच्या हीन मानलेल्या जन्माचा संबंध मागील जन्मीच्या दोषाशी जोडलेला आहे. चोखोबांची भक्ती वंदनीय आहे. तथापि ते स्पष्टीकरण शतकानुशतके कोणाच्या सोयीचे ठरले, हे आपण जाणतो. गावकुसाबाहेरच्या माणसाला, विधवेला, अपंगाला 'पूर्वजन्मीचे पाप' म्हणून गप्प बसविण्याचे काम या प्रतीकाने केले आहे.

परंतु तेच प्रतीक उलट दिशेनेही वळविता येते, हे महाभारताने दाखविले. उद्योगपर्वातील अंबेची कथा पाहा. भीष्माने हरण केले, शाल्वाने नाकारले, कोणी न्याय दिला नाही. तिने तप केले; तिच्या देहाचा अर्धा भाग नदी झाला, तीही पावसाळ्यापुरती वाहणारी. शेवटी ती अग्नीत शिरली, द्रुपदाच्या घरी शिखंडिनी म्हणून जन्मली, आणि पुढे स्थूणाकर्ण यक्षाकडून पुरुषत्व मिळवून शिखंडी झाली. येथे पुनर्जन्म पीडिताचा दोष सांगत नाही; या जन्मी न मिळालेल्या न्यायाची थकबाकी तो पुढे नेतो. म्हणून लेखकाने हे प्रतीक हाती घेताना स्वतःला विचारावे : माझ्या कथेत ते कोणाकडे बोट दाखविते आहे? सोसणाऱ्याकडे, की सोसायला लावणाऱ्याकडे? हाच आदराचा पहिला निकष. कारण आदर केवळ देवाचा राखायचा नसतो, ज्याच्या माथी तो जन्म मारला जातो त्या माणसाचाही राखायचा असतो.

दुसरा निकष असा की, प्रतीकाबरोबर त्याचे बंधनही कथेत आले पाहिजे. कावळा पिंडाला शिवत नाही, तेव्हा नातेवाईक नदीकाठी उभे राहून काय करतात? ते वचने देतात. 'धाकटीचे लग्न लावून देऊ', 'शेत विकणार नाही', 'आईला अंतर देणार नाही'. ही वचने चार माणसांदेखत दिलेली असतात आणि ती मोडणे अवघड असते. कावळ्याचे काळे पंख आणि नदीवरचे धुके रंगविणारा लेखक निम्मी कथा सोडून देतो. कथा त्या वचनात आहे आणि ते कोण पाळते, कोण विसरते, यात आहे.

नातवाचेही तसेच. आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, आणि सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही म्हणून सून स्वतःच्याच मुलाला बाबू, नाना अशा नावांनी हाक मारते. 'हेच परत आले', असे आजी म्हणते आणि त्या पोराला रागे भरत नाही. लेखकाने आजीची श्रद्धा खरी की खोटी याचा निवाडा करू नये. ते त्याचे काम नव्हे. मेलेल्या माणसाच्या नावाखाली वाढणाऱ्या त्या मुलाला काय वाटते, नाव घेऊ न शकणाऱ्या आईला काय वाटते, हे त्याने पाहावे. श्रद्धेला पुष्टी न देता आणि तिची टिंगलही न करता कथा लिहिता येते. किंबहुना चांगली कथा बहुधा त्याच अरुंद वाटेवरून चालते.

या कलेचा आपल्याकडील सर्वांत मोठा भांडार म्हणजे जातककथा. पाली संग्रहात त्या ५४७ आहेत, आणि दुर्गाबाई भागवतांनी त्या मराठीत आणून आपल्यावर उपकार केले आहेत. प्रत्येक जातकाची घडण ठरलेली : आधी वर्तमानातील प्रसंग, मग अतीतकथा, गाथा, आणि शेवटी समोधान, म्हणजे तेव्हाचा तो आज कोण याची सांगड. पूर्वजन्म तेथे चमत्कृतीसाठी सांगितला जात नाही. वर्तमानातील वागणुकीवर प्रकाश पाडण्यासाठी सांगितला जातो. अजिंठ्याच्या १० व्या आणि १७ व्या लेण्यांत छद्दंत जातक रंगविलेले आहे. सहा सुळ्यांच्या हत्तीच्या पत्नीने मनात अढी धरली, पुढच्या जन्मी ती राणी झाली आणि व्याधाला सुळे आणावयास धाडले. हत्तीने व्याधाला मारले नाही, उलट सुळे स्वतःच दिले. ते पुढ्यात आले तेव्हा राणीचे हृदय विदीर्ण झाले. पूर्वजन्म आठवणे म्हणजे येथे वैर आठवणे आहे, आणि ते वैर पुरे होताच निरर्थक ठरते. सूडकथा लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकाने हे चित्र एकदा डोळे भरून पाहावे.

आदराचा अर्थ भीती नव्हे, हेही सांगितले पाहिजे. आनंद यादव यांची 'संतसूर्य तुकाराम' ही कादंबरी २००८ मध्ये आली. वारकऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतला, कादंबरी मागे घेतली गेली, आणि २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा यादवांना द्यावा लागला. त्या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. संतचरित्र हा लेखकाच्या दृष्टीने कच्चा माल असला, तरी वारकऱ्याच्या दृष्टीने तो घरचा माणूस असतो; घरच्या माणसाविषयी कल्पिताचा आधार घेताना लेखकावर अधिक जबाबदारी येते. त्याचबरोबर, आक्षेपाला उत्तर वाचनाने, चर्चेने आणि प्रतिलेखनाने द्यावे; लेखणी खाली ठेवायला लावून देव मोठा होत नाही. भयापोटी राखलेला आदर हा आदर नसून मौन असते, आणि मौनातून साहित्य निर्माण होत नाही.

तेव्हा तरुण लेखकांना मी काही साध्या गोष्टी सुचवितो. चिन्ह ज्यांचे आहे त्यांच्याकडे जाऊन विचारावे, ते कोण हाताळतो, केव्हा हाताळतो, आणि काय केलेले चालत नाही. जे सांगितले जाईल त्यातील गुप्त राखायचे ते गुप्त राखावे. सर्व काही छापले म्हणजे सत्य सांगितले असे नव्हे. पाच अर्थांपैकी आपण कोणता वापरीत आहोत हे लिहिण्याआधी ठरवावे. आणि कथा पुरी झाल्यावर, जिचे ते दैवत आहे अशा एखाद्या व्यक्तीला ती मोठ्याने वाचून दाखवावी. वाचताना ज्या ओळीवर आपलाच आवाज खाली जाईल, ती ओळ पुन्हा लिहावी.

या शाळेच्या वर्गात तीन भाषा आणि मरणानंतरच्या निदान तीन निरनिराळ्या कल्पना एका बाकावर बसल्या आहेत. त्यांतील कोणाही मुलाला मराठी कथा वाचताना आपल्या आजीचे मरण परके वाटू नये, एवढी काळजी जो लेखक घेईल, त्याच्या हातून प्रतीकाचा अवमान होणार नाही. गुरुजींनी येथे मराठी शिकविली ती सर्वांनाच. ती सर्वांची राहील अशी लिहिणे, हीच त्यांच्या स्मृतीस वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.